मोटारबोटीचा कांटा थांबतो तेव्हां

मोटारगाडीच्या वेगदर्शक कांट्यावर माणसाचा फार विश्वास असतो, आणि तो अनाठायीं नसतो. गाडीचें चाक जमिनीला धरून फिरतें. चाकाचा घेर ठरलेला असल्यामुळें फेरे मोजले कीं किती अंतर तोडलें तें कळतें. हीच सवय घेऊन मनुष्य लहान मोटारबोटींत बसला म्हणजे मात्र त्याची फसगत होते. समोरच्या फळीवर तशीच गोल तबकडी, तसेच आंकडे, तसाच कांटा. पण आंतील प्रकार सर्वस्वीं निराळा. पिछाडीस टांगलेल्या एंजिनाचा पंखा पाण्यांत फिरतो खरा, परंतु पाणी म्हणजे कांहीं स्क्रूला घट्ट धरून ठेवणारें लांकूड नव्हे. पंख्याच्या एका फेऱ्यांत बोट हिशेबानें जितकी पुढें जावयास हवी तितकी जात नाहीं. कांहीं भाग घसरतो, आणि ही घसर बोटींतील ओझें, समोरच्या लाटा व बुडाला धरलेलें शेवाळ यांप्रमाणें रोज बदलते. म्हणून फेरे मोजून बोटीचा वेग सांगतां येत नाहीं. तो पाण्यालाच विचारावा लागतो.

पूर्वींचे दर्यावर्दी तो दोरीनें विचारीत. लांकडाची एक तिकोनी फळी दोरीला बांधून पाण्यांत सोडीत. फळी पाण्यांत जवळजवळ स्थिर राही आणि जहाज पुढें निघून जाई. दोरीला ४७ फूट ३ इंच अंतरानें गांठी मारलेल्या असत. २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातांतून जितक्या गांठी सरकल्या तितके सागरी मैल जहाजाचा दर ताशीं वेग. इंग्रजींत गांठीला 'नॉट' म्हणतात, आणि समुद्रावरील वेग अजून त्याच शब्दानें सांगितला जातो.

हल्लींच्या लहान बोटींतील तबकडीचें मूळ मात्र या दोरींत नाहीं. तें एका वांकड्या नळींत आहे. आंरी पितो नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १७३२ सालीं पॅरिसच्या सेन नदींत कांचेच्या नळीचें एक टोंक काटकोनांत वळवून तें प्रवाहाकडे तोंड करून धरलें. नळींतील पाणी नदीच्या पातळीहून वर चढलें. जितका प्रवाह जोराचा तितकें अधिक चढलें. त्या काळीं विद्वानांची अशी समजूत होती कीं, नदीचें पाणी खोल जावें तसें अधिक वेगानें वाहतें, कारण त्याच्या डोक्यावर पाण्याचें ओझें अधिक. पितोनें नळी बुडवून पाहिली तेव्हां नेमका उलट प्रकार आढळला. एक वांकडी नळी आणि एक मोजपट्टी एवढ्या सामग्रीनें इतकी जुनी समजूत खोटी पाडावी, हें शास्त्राच्या इतिहासांत फार वेळां घडलेलें नाहीं.

पितोची नळी स्थिर होती आणि पाणी वाहत होतें. बोटीच्या बाबतींत पाणी स्थिर असतें आणि नळी पुढें जाते, परिणाम एकच. बाहेर टांगण्याच्या एंजिनाचा धंदा नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९०९ च्या सुमारास नांवारूपास आणला. पुढें अशा पुष्कळ एंजिनांच्या पाण्यांतील भागाच्या पुढच्या धारेवरच एक बारीक छिद्र ठेवलेलें असे. ज्या एंजिनाला तें नसेल त्या बोटीच्या पिछाडीच्या फळीवर बुडाशीं एक छोटें प्लॅस्टिकचें टोंक स्क्रूनें बसवितात. छिद्रापासून एक बारीक नळी निघून तबकडीच्या पाठीशीं जाते. तबकडीच्या आंत वांकविलेली, एका टोंकास बंद असलेली चपटी धातूची नळी असते. जत्रेंत मिळणारी कागदाची गुंडाळीची पिपाणी फुंकली कीं उलगडते, त्याच न्यायानें ही नळी दाबाखालीं किंचित् उलगडते आणि दांत्यांच्या द्वारें कांटा फिरवते. ही युक्ति यूझेन बूर्दों या दुसऱ्या फ्रेंच माणसाची, १८४९ सालची. वाफेच्या एंजिनावरील दाबमापकांत ती असते, आणि सायकलच्या दुकानांतील हवेच्या गेजांतहि पुष्कळदां तीच असते. सारांश, बोटीची वेगदर्शक तबकडी हें वस्तुतः वेगमापक नसून दाबमापक आहे. तिच्यावर आंकडे तेवढे वेगाचे छापलेले असतात.

ही एक गोष्ट मनांत नीट ठसली कीं दुरुस्तीचें निम्में काम झालें. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं १० मैल वेगास तो दर चौरस इंचास सुमारें १.४५ पौंड असतो. २० मैलांस ५.८, ३० मैलांस १३, आणि ४० मैलांस २३ पौंडांच्या वर. म्हणजे वेग चौपट झाला कीं दाब सोळापट. म्हणूनच तबकडीवरील सुरवातीचे आंकडे दाटीवाटीनें बसलेले असतात, आणि बोट धक्क्याजवळ हळूहळू येत असतांना कांटा शून्यावरच पडून राहतो. हा बिघाड नव्हे. त्या वेगांत कांटा हलविण्याइतका दाबच नसतो. नवशिका मनुष्य मात्र कांटा शून्यावर पाहून बोट थांबलीच असें समजतो. बोटीला ब्रेक नसतो. ताशीं ५ मैल वेगानें येणारी भरलेली बोट धक्क्याच्या पायरीवर किंवा पोहणाऱ्याच्या अंगावर आदळली तर काय होईल तें सांगावयास नको.

याहून फसवा प्रकार खोटें बोलणाऱ्या कांट्याचा. समजा, कोंकण किनाऱ्यावरील एका खाडींत एका गृहस्थाची हौसेची बोट आहे. नेहमींच्या मुठीला कांटा २५ दाखवीत असे. आज तो १८ दाखवितो. गृहस्थाला वाटतें, एंजिन दमलें. तो मूठ अधिक पिळतो. कांटा २५ वर येईपर्यंत बोट प्रत्यक्षांत तिशीच्या पुढें गेलेली असते. पेट्रोल भराभर जळतें, आणि परतीच्या वाटेवर, ओहोटी समुद्राकडे ओढीत असतांना, दिवस कलतां कलतां टाकी रिकामी होते. बोट सुदैवानें घरीं आली तरी दुसऱ्या दिवशीं कारागीर बोलावून कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, पंखा नवा आणला जातो, आणि कांटा १८ चा १९ होत नाहीं. कारण दोष होता तो तबकडीच्या पाठीमागें चिरलेल्या दोन बोटें रबरी नळींत.

तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा: बोट मंद झाली आहे कीं कांटा? एंजिनाचे फेरे दाखविणारी तबकडी असेल तर ती पाहावी. फेरे नेहमींइतके, आवाज नेहमींसारखा, बोटीची नाळ नेहमींइतकी उचललेली, आणि दोन ओळखीच्या खुणांमधलें अंतर काटण्यास लागणारा वेळहि तोच असेल, तर एंजिनाला हात लावूं नये. कोंकणांतील लहान मासेमारी होड्यांवर हें बाहेरचें एंजिन आतां सर्रास दिसतें; त्यांवर वेगाची तबकडी बहुधा नसते आणि अनुभवी नाखव्याचें तिच्यावांचून अडतहि नाहीं, कारण वरील चारहि गोष्टी त्याच्या कानाडोळ्यांना पाठ असतात. तबकडीवाल्या बोटीच्या मालकानें त्याच्यापासून एवढें शिकण्यासारखें आहे.

दोष कांट्याचाच ठरला म्हणजे तो कसा वागतो तें पाहावें. कांटा मुळींच हलत नसेल तर छिद्र बुजलें आहे किंवा नळी कोठें तरी निसटली, मोडली अथवा चेपली आहे. कांटा हलतो, पण बोटीच्या मागून सावकाश येतो, वेग कमी केल्यावरहि बराच वेळ वरच रेंगाळतो, तर छिद्र अर्धवट बुजलें आहे. येथें एक बारकावा आहे. ही नळी दुसऱ्या टोंकास बंद असते. तिच्यांतून पाणी वाहून जात नाहीं, केवळ दाब पोंचतो. म्हणून अर्धवट अडथळ्यानें आंकडा चुकत नाहीं, फक्त उशीर होतो. वेगांत असतांनाच छिद्र एकाएकीं पूर्ण बुजलें तर दाब नळींत कोंडला जातो आणि बोट धक्क्याला बांधली तरी कांटा २० वर ठाण मांडून बसतो. अशा वेळीं तबकडीमागची नळी काढावी. कांटा झर्रकन् शून्यावर आला तर अडथळा खालीं आहे. वरच राहिला तर तबकडीच्या आंतील चपटी नळी कायमची ताणली गेली आहे किंवा कांटा अडकला आहे, आणि मग तबकडी बदलण्यावांचून बहुधा गत्यंतर नसतें.

सर्वच वेगांत कांटा ठराविक प्रमाणानें कमी दाखवीत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. उन्हानें कडक झालेली नळी तबकडीच्या तोटीजवळ चिरते. किंवा एंजिन वळतांना जेथें ती वारंवार मुडपते तेथें. परंतु कमी वेगांत फार कमी आणि जास्त वेगांत जवळजवळ बरोबर असा प्रकार दिसला तर निराळें कारण असतें. नळी हवेनें भरलेली असावी, तिच्यांत पाणी चढून बसलेलें असतें. तबकडी पाण्याच्या पातळीहून तीन फूट उंच असेल तर त्या तीन फूट पाण्याचें वजन दर चौरस इंचास १.३ पौंड दाब खाऊन टाकतें. ताशीं ३० मैलांस दाब १३ पौंड असतो, त्यांतून १.३ गेले तर कांटा २८॥ दाखवील, आणि कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. पण १० मैलांस मुळांत १.४५ पौंडच दाब; त्यांतून १.३ गेल्यावर कांटा जेमतेम ३ वर येईल. वजाबाकी एकच, परंतु गरिबाला ती श्रीमंतापेक्षां अधिक लागते. यावर उपाय साधा: नळी तबकडीपासून सोडवून फुंकून कोरडी करावी आणि तोटीवर घट्ट बसवावी. पाणी पुनः चढूं लागलें तर वरच्या जोडांतून हवा निसटते आहे असें समजावें.

कांटा थरथरत असेल, लाटेबरोबर नाचत असेल, तर पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे छिद्रांत शिरत आहेत. फळीवर बसविलेलें टोंक फार वर असेल किंवा बुडावरील उभार पट्टीच्या अगदीं मागें असेल तर असें होतें; तें किंचित् खालीं अथवा बाजूला सरकवावें. आणखी एक गंमतीचा दोष याच टोंकाचा. आपटून मोडूं नये म्हणून कांहीं टोंकें बिजागरीवर मागें दुमडतात आणि स्प्रिंगनें जागीं राहतात. स्प्रिंग सैल झाली कीं विशिष्ट वेगापर्यंत कांटा चोख चालतो, आणि त्यापुढें पाण्याच्या जोरानें टोंकच मागें कलल्यामुळें वेग वाढत असतांना कांटा उतरूं लागतो. कारण ठाऊक नसलें तर माणसाला भुताटकी वाटावी.

साफ करण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकतां कामा नये. एंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, मनगटाला बांधावयाची सुरक्षेची दोरीहि काढून ठेवावी, आणि मगच एंजिन वर उचलून पंख्याजवळ हात न्यावा. छिद्रांतील वाळू, गाळ किंवा शेवाळ बारीक तारेनें, हातानें फिरवीत काढावें. जोर करून छिद्र मोठें करूं नये. नंतर वर जाऊन नळी तबकडीपासून सोडवावी आणि त्या टोंकानें फुंकावें, म्हणजे घाण जेथून आंत आली तेथूनच बाहेर पडेल. खालचें टोंक पाण्यानें भरलेल्या बादलींत बुडवून ठेवलें तर बुडबुडे येतांना दिसतात. भराभर आले तर नळी मोकळी आहे. बुडबुडे येत नाहींत पण तोंडाला फुंकणें सहज जातें, तर हवा मधेंच कोठें तरी गळते. हवा भरण्याच्या पंपाचा उपयोग नळी साफ करण्यास करावयाचा असल्यास तबकडी आधीं सोडविलेली आहे ना याची दोनदां खात्री करावी. टायर भरणारी हवा तबकडींत शिरली तर आंतील चपटी नळी एका क्षणांत निकामी होते.

तबकडीच खरी कीं खोटी हें घरीं बसून ठरवितां येतें, आणि त्याला पितोचीच विद्या पुरते. दुमजली घराच्या गॅलरींतून एक लांब पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी खालीं सोडावी आणि तिच्यांत थोडें पाणी घालावें. एक शेंडा उघडा ठेवून दुसरा तबकडीच्या तोटीला घट्ट जोडावा. आतां उघड्या बाजूनें हळूहळू पाणी ओतीत जावें. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळींतील अंतर ५ फूट झालें म्हणजे कांटा १२ मैलांच्या किंचित् पुढें असावा. १० फूट झालें म्हणजे १७ च्या थोडा पुढें. १५ फुटांस २१ जवळ. अंतर तिप्पट झालें तरी वेग तिप्पट होत नाहीं, हें वर्गाचें गणित मुलांना दाखविण्यासहि ही रीत उत्तम. तबकडीच्या बाजूच्या नळींत हवा राहील आणि पाणी तबकडींत जाणार नाहीं एवढी काळजी घ्यावी. गोड्या पाण्यासाठीं आंखलेली तबकडी समुद्रांत नेली तर खाऱ्या पाण्याच्या वजनामुळें ती शेंकडा एक-सव्वा अधिक दाखविते. त्यासाठीं कोणीं झोप घालवूं नये.

कांहीं बोटींत नळीऐवजीं बुडाशीं एक चिमुकलें पाणचक्र असतें. त्याच्या पात्यांत लोहचुंबक बसविलेले असतात आणि प्रत्येक फेऱ्याची नोंद विजेच्या ठोक्यानें वर जाते. येथें बिघाड बहुतेक पाण्याखालींच असतो: शेवाळ गुंडाळलेलें, किंवा बुडाला चिकटणाऱ्या कवचधारी जीवांनीं आंस धरलेला. बोट किनाऱ्यावर असतांना यंत्र चालू करून चक्र बोटानें फिरवावें. आंकडा हलला तर तारा ठीक आहेत आणि चक्र साफ केलें कीं झालें. चक्र मोकळें फिरूनहि आंकडा हलला नाहीं तर तारेच्या जोडांवरील हिरवी पुटें आधीं खरवडावीं.

उपग्रहांवरून वेग सांगणारीं यंत्रें आल्यापासून पुष्कळांनीं हीं जुनीं साधनें काढून टाकलीं. अमेरिकेची ती योजना १९९५ सालीं पूर्ण झाली आणि तींत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आली. आतां खिशांतील टेलिफोनहि बोटीचा वेग सांगतो. कांटा तपासण्यास हें साधन फार सोयीचें, परंतु तें जमिनीच्या मानानें वेग सांगतें आणि नळी पाण्याच्या मानानें. खाडींत ओहोटी ताशीं २ नॉट असेल तर दोघांत तितका फरक पडणारच, आणि दोघेहि खरें बोलत असतील. शिवाय एकाचा आंकडा नॉटमध्यें व दुसऱ्याचा मैलांत असेल तर १८ आणि २०.७ हे एकच वेग होत, हें विसरून नव्या तबकड्या विकत घेणारेहि असतात.

प्रवाहाचा परिणाम काढून टाकण्यासाठीं तीच वाट जातांना व येतांना मोजावी. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, ओहोटीबरोबर ३ मिनिटांत गेला तर वेग २० नॉट. उलट येतांना ३ मिनिटें ४५ सेकंद लागलीं तर १६ नॉट. दोहोंची सरासरी १८, हाच बोटीचा पाण्यांतील वेग. आणि २ नॉट ओहोटीचे. सरासरी वेगांची काढावी, वेळेची नव्हे. वेळेची काढली तर उत्तर १७.८ येतें, कारण उलट येतांना बोट प्रवाहांत अधिक वेळ असते. परीक्षेंत हें गणित चुकविणारे विद्यार्थी पुढें बोटी घेतात तेव्हांहि तेंच चुकवितात.

एक कारण मात्र पाण्याशीं संबंध नसलेलें आहे. पावसाळ्यांत हौसेच्या बोटी ओढून छपराखालीं ठेवतात. त्या दिवसांत कुंभारीण माशी घरांतील खुंट्यांच्या, किल्ल्यांच्या भोंकांत ओल्या मातीचें घर बांधते हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतें. तिला एंजिनावरचें तें बारीक, कोरडें, आडोशाचें छिद्र वर्ज्य कां असावें? नारळीपौर्णिमेनंतर बोट पाण्यांत उतरते आणि कांटा शून्यावर राहतो. बोटींत हें हंसण्यावारी जातें. आकाशांत जात नाहीं. विमानाचा वेगहि पितोच्याच नळीनें मोजतात. १९९६ सालच्या फेब्रुवारींत डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील प्वेर्तो प्लाता येथून निघालेलें एक प्रवासी विमान समुद्रांत कोसळून त्यांतील सर्व १८९ माणसें दगावलीं. तें विमान कांहीं आठवडे जमिनीवर उभें होतें आणि त्याच्या नळीचें तोंड झांकलेलें नव्हतें. अशाच एका मातीचें घर करणाऱ्या माशीनें ती बुजविली असावी असें तपासणी करणाऱ्यांचें अनुमान होतें. वेगाचा आंकडा खोटा वाढत गेला, आणि वैमानिकांना कोणत्या कांट्यावर विसंबावें तें कळेनासें झालें.

बोट वर ओढली म्हणजे त्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्याला हातभर लांब लाल चिंधी बांधून सोडावी. चिंधी लांब अशासाठीं कीं बोट पाण्यांत ढकलतांना ती कोणाच्या तरी पायांत यावी.